मूळ गाव : खारपेर्त

वॉटरटाऊनला राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला, जो अमेरिकेतल्या आधीच्या नऊ वर्षांत मला कोणीही विचारला नव्हता. दारापुढचा बर्फ लोटून आम्ही दोघी दमलो होतो. फावडे कुंपणाला टेकवून त्या म्हणाल्या, "तुमची माणसं मूळची कुठली?" मी आधी भारत म्हणाले, मग मुंबई म्हणाले. त्यावर मान हलवून त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे वाढलात ते नाही विचारत. आजोबांचं गाव कोणतं?" सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाचे नाव मी घेतले तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. ते नाव त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले, आणि मग रीतीप्रमाणे मी तोच प्रश्न त्यांना विचारला. "आम्ही खारपेर्तचे," त्या म्हणाल्या. त्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधला, त्यांच्या आईचा जन्मही इथलाच. तरीही माझ्या काकांना कोणी गाव विचारले की ते जितक्या सहज उत्तर देतात, तितक्याच सहज त्यांनी ते नाव घेतले होते.

रात्री मी नकाशात खारपेर्त शोधले. आजच्या नकाशावर पूर्व तुर्कस्तानात एलाझी नावाचे मोठे शहर आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर हारपूत नावाची जुनी वस्ती आहे. आर्मेनियन लोक त्यालाच खारपेर्त म्हणतात. नावाचा अर्थ दगडी किल्ला असा होतो, हे बाईंनी मला नंतर सांगितले, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला किल्ल्यावरून पडलेले गावाचे नाव परके वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या भाषेत गावाच्या नावाला 'त्सी' जोडला की तिथला माणूस तयार होतो. खारपेर्तत्सी, मराशत्सी, आयंताबत्सी. आपण सातारकर, नगरकर म्हणतो तसेच हे. फरक इतकाच, की आपला सातारकर एसटीत बसून साताऱ्याला जाऊ शकतो.

वॉटरटाऊन हे बॉस्टनला लागून असलेले लहानसे शहर आहे. इथल्या माउंट ऑबर्न रस्त्यावर आर्मेनियन बेकऱ्या आणि किराणा दुकाने आहेत, तिथल्या पाट्यांवर मेस्रोप माश्तोत्स यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी घडवलेली लिपी आहे, आणि गावात आर्मेनियन संग्रहालय आहे. हे लोक इथे प्रथम आले ते मात्र जीव वाचवण्यासाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून खारपेर्तच्या मैदानातल्या गावांमधून तरुण पुरुष कामासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये येत होते. वुस्टरमधल्या तारेच्या कारखान्यात, वॉटरटाऊनच्या हूड रबर कारखान्यात ते राबत आणि बायकामुलांना पैसे पाठवत. अमेरिकेतले पहिले आर्मेनियन चर्च १८९१ साली वुस्टरमध्ये उभे राहिले ते याच माणसांच्या कमाईतून. प्रत्येक गावाचे इथे एक मंडळ असे, आणि ते वर्गणी काढून गावाकडे शाळा बांधून देई. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये चालणारी ग्रामस्थ मंडळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. बाईंचे आजोबा हे असेच चाकरमानी होते. १९१२ साली ते आले, आणि चार वर्षे काम करून परत जायचे असा त्यांचा बेत होता.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात उतरलेल्या ऑटोमन साम्राज्याची सत्ता तेव्हा तरुण तुर्कांच्या 'ऐक्य आणि प्रगती' पक्षाच्या हाती होती, आणि अंतर्गत कारभाराचा मंत्री तलात पाशा होता. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीतल्या सुमारे अडीचशे आर्मेनियन लेखकांना, वकिलांना, धर्मगुरूंना आणि पुढाऱ्यांना घरातून उचलण्यात आले. खेड्यापाड्यांतून हजारो लोकगीते टिपून घेणारे धर्मगुरू आणि संगीतकार कोमितास त्यांत होते. ते जिवंत सुटले, पण त्यांचे मन सावरले नाही. पुढची बहुतेक वर्षे मनोरुग्णालयात काढून १९३५ साली ते पॅरिसमध्ये वारले. मे महिन्यात सक्तीच्या स्थलांतराचा कायदा आला. गावोगावच्या पुरुषांना आधी वेगळे काढून मारण्यात आले, आणि बायका, मुले व म्हाताऱ्यांचे तांडे अलेप्पोच्या दिशेने, आणि तिथून पुढे सीरियाच्या वाळवंटातल्या देर एझ-झोरकडे हाकलण्यात आले. भूक, तहान, साथी, वाटेवरच्या कत्तली यांत मेलेल्यांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत, आणि बहुतेक अभ्यासक दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक म्हणतात. खारपेर्तला अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून नेमलेले लेस्ली डेव्हिस घोड्यावरून जवळच्या ग्योल्जुक सरोवराला फेरी मारून आले, आणि काठाच्या घळींमध्ये पाहिलेल्या हजारो प्रेतांविषयी त्यांनी आपल्या सरकारला लिहिले. त्या सरोवराचे नाव आता हझार आहे. आर्मेनियन माणसे या सगळ्याला 'मेड्झ येघेर्न' म्हणतात, म्हणजे महाअपराध. वंशसंहार या अर्थाचा इंग्रजी शब्द राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली घडवला, आणि तो घडवताना आर्मेनियन लोकांची ही गोष्ट त्यांच्या मनात होती.

बाईंची आजी तेव्हा नऊ किंवा दहा वर्षांची होती. वय नक्की नाही, कारण तिची जन्मतारीख अनाथाश्रमात कोणीतरी लिहून टाकलेली होती आणि पुढे आयुष्यभर तीच तिच्या कागदपत्रांवर राहिली. तांड्यातून ती मागे कशी राहिली, हे तिने कधी सांगितले नाही. एका कुर्दी घरात ती काही वर्षे होती, तिथे तिला दुसऱ्या नावाने हाक मारत, आणि ते नावही तिने घरात कोणाला सांगितले नाही. हे ऐकताना मला माझी आजी आठवली. आपल्याकडे लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहून मुलीचे जुने नाव मिटवत, आणि माझ्या आजीचे माहेरचे नाव मला तिच्या तेराव्याला जमलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांकडून कळले होते. मी हे बाईंना सांगितले. तुलना ओढूनताणून केल्यासारखी वाटेल अशी मला भीती होती, कारण एकीकडे रीत होती आणि दुसरीकडे रक्तपात होता. त्यांनी मात्र बराच वेळ विचार करून विचारले, की ते नाव कळल्यावर तुम्ही आजीला मनातल्या मनात कोणत्या नावाने हाक मारू लागलात. मला उत्तर देता आले नाही.

१९२२ साली अनातोलियातले अनाथाश्रम रिकामे करून मुलांना सीरिया आणि लेबनॉनमध्ये नेण्यात आले. याकोब क्युन्झलर नावाच्या स्विस गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने सुमारे आठ हजार मुले काही पायी, काही गाढवांवर, अशी सरहद्दीपार पोहोचवली. बाईंची आजी त्यांतली एक. लेबनॉनच्या डोंगरात गझीर नावाचे गाव आहे, तिथे या मुलींना गालिचे विणायला शिकवत. १९२५ साली गझीरच्या मुलींनी विणलेला एक मोठा गालिचा अमेरिकी मदतीची परतफेड म्हणून राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आला. त्यात ४४ लाखांहून अधिक गाठी आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो काही दिवस वॉशिंग्टनमध्ये लोकांना पाहायला ठेवला होता, तेव्हा बाई आठ तास गाडी चालवून तो पाहायला गेल्या. आजीने त्या गालिच्याला हात लावला होता की नाही, याची कुठेही नोंद नाही. त्यांनी मला त्या दिवशी काढलेले एक छायाचित्र दाखवले. त्यात राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान नाही आणि अख्खा गालिचाही नाही, फक्त एका कोपऱ्यातली वीतभर वीण आहे, आणि त्या विणीत एके ठिकाणी रंगाची छटा किंचित बदललेली आहे. एका रंगाची लोकर संपली आणि दुसऱ्या रंगवणीची घेतली की असे होते, असे आजी घरी विणकाम करताना सांगायची. बाई त्या छटेजवळ उभ्या राहिल्या होत्या.

आजीचे लग्न छायाचित्रावरून ठरले. खारपेर्तकडचाच नवरा, वयाने वीस वर्षांनी मोठा, हूड रबरमध्ये कामाला. अमेरिकेने १९२४ साली बाहेरच्यांसाठी दारे जवळजवळ बंद केली होती, म्हणून बरेच आर्मेनियन पुरुष क्युबाला जाऊन तिथे उतरलेल्या मुलीशी लग्न लावत आणि मग तिला बायको म्हणून घेऊन येत. यांचेही तसेच झाले. नवरा-बायको एका मैदानातली, एका बोलीची. दोघांनी तीस-पस्तीस वर्षे संसार केला, चर्चला गेले, मुले शिकवली, आणि १९१५ विषयी मुलांच्या देखत एक अक्षर काढले नाही. कधी बोलायची वेळ आलीच तर दोघे तुर्कीत बोलत, म्हणजे मुलांना कळू नये. आपले आईवडील इंग्रजीचा जसा उपयोग करत तसाच हा उपयोग. पण जी भाषा हाकलून देणाऱ्यांची होती तिच्यातच या दोघांना आपल्या मेलेल्यांविषयी बोलता येत होते, याचा विचार मनात आला की मला अजूनही गलबलून येते.

आजोबांची गोष्ट बाईंना कळली ती स्वतः चाळिशी ओलांडल्यावर, आणि तीही एका यादीतून. उरलेल्या माणसांनी परदेशात बसून आपल्या गावाच्या आठवणींचे ग्रंथ तयार केले. त्यांना 'हुशामाद्यान' म्हणतात. गावाचा इतिहास, शेतीचे हंगाम, लग्नातली गाणी, म्हणी, शिव्यासुद्धा, आणि शेवटी घराण्यांची यादी. आजोबांच्या गावाचा असा ग्रंथ बाईंना संग्रहालयात मिळाला. लिपी येत होती, म्हणून त्या बोट फिरवत वाचत गेल्या. आजोबांचे नाव सापडले. पुढे लिहिले होते : अमेरिकेत. त्याच्या पुढे : पत्नी, दोन मुली, एक मुलगा. बाईंना आधी हिशेब लागेना, कारण त्यांच्या आईला एकच भाऊ होता आणि बहीण नव्हती. मग लक्षात आले, की ही यादी १९१५ ची आहे. आजोबा वुस्टरमध्ये पैसे साठवत होते तेव्हा गावात त्यांची पहिली बायको होती आणि तीन मुले होती. आजीला हे ठाऊक होते की नाही, हे सांगायला कोणी उरले नव्हते. बाईंनी तो कागद घरी आणला आणि आईला दाखवला. ऐंशीच्या घरातल्या त्यांच्या आईने तो वाचला, घडी घातली आणि विचारले, "मुलींची नावं दिलेली नाहीत का?"

नावे दिलेली नव्हती. अशा याद्यांमध्ये घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव असते आणि बाकीच्यांची संख्या असते.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बाईंच्या स्वयंपाकघरात चोरेग नावाचा पाव होतो. मैदा, अंडी, लोणी, दूध, आणि महलेब म्हणजे एका रानटी चेरीच्या बियांतला कुटलेला गर. महलेबचा वास कडसर आणि गोड असा एकाच वेळी असतो. पिठाच्या तीन वळ्या करून त्यांची वेणी घालायची, वर अंड्याचा हात फिरवायचा, तीळ भुरभुरायचे. माझ्याकडे वेणी घालायचे काम असते, कारण लहानपणी रोज तेल लावून दोन घट्ट वेण्या घालून घेतलेल्या मुलीला ते जमतेच. पहिल्या वर्षी माझी वेणी पाहून बाई माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "त्सावत दानिम." तुझं दुखणं मी घेऊन जाते. मी हसले आणि त्यांच्या कानशिलावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडून दाखवली, आणि आमच्याकडे आजी अशी अलाबला घेते हे सांगितले. आजी गेल्यानंतर माझ्यावरून बोटे मोडणारे कोणी राहिले नव्हते, आणि तो हावभाव माझ्या हातांत शिल्लक आहे हेही मला त्या दिवशीच कळले.

या चोरेगची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुर्कस्तानातलीच आहे. फेथिये चेतिन या तुर्की वकील. त्यांची आजी सेहेर ही चारचौघींसारखी मुसलमान गृहिणी होती. नात तरुण झाल्यावर आजीने तिला बाजूला घेऊन सांगितले, की माझे नाव हेरानुश आहे, मी हबाब गावची आर्मेनियन आहे, आणि माझे आईवडील अमेरिकेत गेले. १९१५ च्या तांड्यातून एका तुर्की जमादाराने तिला उचलून नेले होते. २००० साली आजी वारली तेव्हा नातीने इस्तंबूलच्या आर्मेनियन साप्ताहिकात निधनाची सूचना दिली, ती फिरत फिरत अमेरिकेतल्या नातेवाइकांपर्यंत गेली, आणि २००४ साली नातीने आजीवर पुस्तक लिहिले. त्यात एक आठवण आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांत गावातल्या काही म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे जात आणि प्रत्येक घरी चोरेग पुढे येई. नातीला त्याचा अर्थ फार उशिरा लागला. त्या सगळ्या सेहेरसारख्याच होत्या, आणि तो ईस्टर होता.

अशा किती आज्या असतील? फेब्रुवारी २०१८ मध्ये तुर्की सरकारने नागरिकांना आपली वंशावळ संगणकावर पाहण्याची सोय करून दिली, तेव्हा इतक्या लोकांनी एकदम धाव घेतली की ती यंत्रणा बंद पडली. मला त्या रात्री खिडकीत उजेड ठेवून पडद्यापुढे बसलेल्या माणसांचा फार विचार येतो. पणजीच्या नावापुढे बापाचे नाव म्हणून 'अब्दुल्ला' असे लिहिलेले दिसले, की जाणकार समजतात. धर्म बदललेल्याच्या बापाचे नाव असे लिहिण्याचा तिथे जुना प्रघात आहे.

२००० नंतर परदेशातले आर्मेनियन गटागटाने आपली गावे पाहायला जाऊ लागले, आणि बाईही एकदा गेल्या. आठवणग्रंथात गावाचा हाताने काढलेला नकाशा होता. गाव सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसांनी एका टेबलाभोवती बसून, वाद घालत, तो काढलेला होता. झरा, चर्च, गिरणी, तुतीची झाडे, आणि प्रत्येक घराला आकडा. आजोबांच्या घराचा आकडा बाईंना पाठ होता. गावाचे नाव आता वेगळे आहे, चर्चची एक भिंत उरली आहे आणि तिला लागून गोठा आहे. झरा मात्र नकाशात होता तिथेच होता. बाई नकाशा उघडून झऱ्यापासून पावले मोजू लागल्या, तशी चार-पाच माणसे जमली. वागायला चांगली माणसे, त्यांनी चहा दिला, ताटलीत तुती दिली. नकाशाकडे पाहून त्यांतल्या एकाने दुभाष्याला हळूच काहीतरी विचारले, आणि दुभाषा ते सांगायला कचरू लागला. बाईंनी आग्रह केला तेव्हा त्याने सांगितले : सोने कुठे पुरले आहे, असे विचारताहेत. परत आल्यावर त्यांना कळले, की हे सगळीकडे घडते. आर्मेनियन जाताना सोने पुरून गेले अशी त्या भागात पक्की समजूत आहे, त्यापायी चर्चची जमीन आणि थडगी खणली गेली आहेत, आणि नकाशा घेऊन आलेला परदेशी म्हणजे वारसदार, असे गावकरी धरून चालतात.

ही गोष्ट त्यांनी मला तीन वेळा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा तिथेच थांबल्या आहेत. मी एकदा विचारले, की तुम्ही काय उत्तर दिलेत. त्या म्हणाल्या, "मी आकडा दाखवला. म्हटलं, हे घर शोधते आहे. तर तो माणूस म्हणाला, या घरात आधीच खणून पाहिलंय, काही मिळालं नाही." घराच्या जागी एक खड्डा होता आणि त्यात नेटल्स माजल्या होत्या, आपल्याकडच्या खाजकुइलीसारखी अंगाला आग लावणारी वनस्पती. बाईंनी झऱ्याचे पाणी बाटलीत भरून घेतले. ते अजून त्यांच्या फडताळात आहे.

हे वाचून त्या गावकऱ्यांचा राग येणे साहजिक आहे, आणि मलाही आला होता. शाळेत त्यांना जे शिकवले गेले त्यात त्या घरांतली माणसे कुठे गेली याचे उत्तर नाही. तुर्की राज्य आजही वंशसंहार झाला असे मानत नाही. माणसे गेल्याचे कारण कोणी सांगितले नसेल, तर त्यांनी मागे ठेवलेल्या सोन्याची गोष्ट तेवढी उरते. हे मौन मोडू पाहणाऱ्यांत ह्रांत दिंक होते. ते मालात्याचे आर्मेनियन, १९९६ पासून इस्तंबूलमधल्या 'आगोस' साप्ताहिकाचे संपादक, आणि फेथिये चेतिन त्यांच्या वकील. ते एक हकिकत सांगत. सिवास भागातून एका गावकऱ्याचा त्यांना निरोप आला, की फ्रान्समधून दरवर्षी गावी येणारी एक आर्मेनियन म्हातारी इथे वारली आहे, तिच्या माणसांना कळवा. दिंक यांनी मुलीला शोधून काढले, ती गावी पोहोचली, आणि फोनवर रडू लागली. आईला फ्रान्सला न्यायचे की इथेच ठेवायचे, असा प्रश्न होता. गावातल्या एका म्हाताऱ्याने तिला सांगितले होते, "इथेच पुरा तिला. पाण्याला आपली भेग सापडली." दिंक पुढे म्हणत, की होय, या जमिनीवर आमचा डोळा आहे, पण ती उचलून न्यायला नव्हे, तिच्या पोटात जाऊन पडायला. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीच्या दारात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अंत्ययात्रेला लाखभर माणसे होती, बहुसंख्य तुर्की, आणि त्यांच्या हातांतल्या फलकांवर लिहिले होते : आम्ही सगळे ह्रांत दिंक आहोत, आम्ही सगळे आर्मेनियन आहोत.

ज्यांना परत जाता आले नाही त्यांनी गावांची नावे बरोबर नेली. बैरुतच्या बुर्ज हमूदमध्ये नोर मराश आहे, नोर आदाना आहे. येरेवानमध्ये अरबकीर आहे, मालातिया-सेबास्तिया आहे. 'नोर' म्हणजे नवे. मुसा दाघ डोंगरावर लढून तग धरलेल्या आणि सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रेंच जहाजांनी वाचवलेल्या चार हजारांवर माणसांचे वंशज अजूनही सप्टेंबरमध्ये रात्रभर मोठ्या कढयांत गहू आणि मांस घोटून हरिसा शिजवतात. आपल्याकडे रमजानात हलीम खाल्लेल्याला ती चव लगेच ओळखू येईल.

माझा स्वतःचा या गोष्टीशी धागा आहे हे मला उशिरा कळले. खारपेर्त, मराश, आयंताब इथे शाळा आणि दवाखाने चालवणारी मिशनरी संस्था बॉस्टनची होती, आणि तीच संस्था अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन चालवत होती. तिचे दप्तर हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे. बाईंबरोबर मी तिथे गेले तेव्हा सूचीत पूर्व तुर्कस्तान मिशन शोधता शोधता 'मराठी मिशन' हे शब्द समोर आले, आणि मी चकित होऊन वाचत राहिले. त्याहून जवळचा धागा कूतचा आहे. मेसोपोटेमियात कूत इथे २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन होते, आणि तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांना चालवत रास अल-ऐनला नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. रास अल-ऐन म्हणजे जिथे त्याच वर्षी आर्मेनियन निर्वासितांच्या छावण्या कापून काढल्या होत्या ते ठिकाण. शिशिर प्रसाद सर्वाधिकारी हे रुग्णसेवक त्या कैद्यांत होते. त्यांनी पाहिलेले आर्मेनियनांचे हाल पुढे बंगालीत लिहून ठेवले. मराठी शिपायांनीही तेच पाहिले असणार.

आमच्या घरात 'बसऱ्याला गेलेले' एवढ्याच शब्दांत उल्लेख होणारे एक चुलत पणजोबा होते. ते परत आले नाहीत. गावच्या देवळाजवळच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, असे तिच्यावर इंग्रजीत कोरलेले आहे. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळत असू.

२०१५ साली, शंभर वर्षे झाली तेव्हा, आर्मेनियन चर्चने वंशसंहारातल्या सगळ्या मृतांना संत ठरवले. बाई सांगतात, की तोवर २४ एप्रिलला मृतांच्या शांतीसाठी प्रार्थना होत असे. आता मृतांकडे आपल्यासाठी मागायचे असते. त्यांच्या आईला हे शेवटपर्यंत जमले नाही. आदल्या वर्षीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, देर एझ-झोरचे स्मारक चर्च आत जपलेल्या अस्थींसकट सुरुंगाने उडवण्यात आले होते. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून लाखभर आर्मेनियन काही दिवसांत घरे सोडून निघाले, तेव्हा बाईंनी दूरचित्रवाणीवर त्या गाड्यांच्या रांगेकडे पाहत मला एवढेच विचारले, की त्यांनी घराच्या किल्ल्या बरोबर घेतल्या असतील का.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी गावी गेले आणि पाटीचे छायाचित्र काढून त्यांना पाठवले. त्यांचे उत्तर लगेच आले. "आकडे आहेत. नावं?" मी लिहिले की पाटीवर नावे नाहीत. त्यांनी फोन केला आणि त्यांच्या आजोबांच्या गावच्या माणसांनी काय केले होते ते सांगितले. वही घ्या, सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा, आणि तो जसे उच्चारेल तसे लिहा. पेन्सिलने लिहा, कारण दुसरा म्हातारा येऊन ते दुरुस्त करणार आहे. मी चार घरी गेले. एका आजोबांनी दोन आडनावे सांगितली आणि त्यांतले एक पुढच्याच घरी खोडायला लावले, मग तिसऱ्या घरी ते पुन्हा लिहावे लागले. आमच्या चुलत पणजोबांचे नाव कोणालाच सांगता आले नाही. वाड्यामागच्या आळीतल्या एका आजींना मात्र त्यांच्या सासूने सांगितलेले आठवत होते, की त्या शिपायाला गावात 'तात्या ढोलकीवाला' म्हणत. वहीच्या त्या पानावर सध्या पेन्सिलने लिहिलेली दोन आडनावे आणि हे एक टोपणनाव आहे.